हंबीरला धीट केल्याची हकीकत

धुळे, ता. १४ मे १९३२

गं. भा. भिकुबाईस हिलालआबाचे आशीर्वाद.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, वळवाचा गडगडाट चालू असताना, तुझ्या मळ्यातल्या बाजेखाली, हंबीर नावाच्या तुझ्या कुत्र्याने माझ्या डाव्या पंपशूचा जीव घेतला. पंपशू वयाने लहान होता. पाडव्यालाच घरात आला होता. त्याने कोणाचं काही वाईट केलं नव्हतं. उजवा वाचला. तो मी धुळ्याला आणून बैठकीच्या कोनाड्यात ठेवला आहे, आणि येणारे पक्षकार त्याच्याकडे फाशी गेलेल्याच्या भावाकडे बघावं तसे बघतात.

आखाजीला लेकी माहेरी जातात, झोके घेतात, सासूच्या नावाने गाणी म्हणतात. तू मळा सोडायला तयार नाहीस, म्हणून बिचारं माहेरच आगगाडीत बसलं, चाळीसगावला गाडी बदलून जळगावला उतरलं, आणि बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत असोद्याला तुझ्या दारी आलं. परत गेलं ते कै. तोतारामभाऊजींच्या वहाणा घालून. तुझ्या नवऱ्याचा पाय माझ्यापेक्षा एवढा मोठा होता हे ते जिवंत असताना कधी ध्यानात आलं नाही. जळगाव स्टेशनाच्या फलाटावर माझ्या प्रत्येक पावलामागे आणखी एक फटका वाजत होता. मागून कोणी येतंय की काय म्हणून मी वळून वळून पाहिलं. वकिलाने असं मागे बघू नये, पक्षकाराला शंका येते.

आता कुत्र्याविषयी. भाऊजींनी त्याचं नाव हंबीर ठेवलं तेव्हा पिलू झोपलेलं असावं. ढग गरजला की हंबीर बाजेखाली, फोडणी तडतडली की बाजेखाली, मी शिंकलो तेव्हाही बाजेखालीच. देह वासराएवढा, आणि थरथर अशी की वर बसलेल्याला आपल्याच अंगात देवी आली असं वाटावं. असल्या कुत्र्याला गोळी घालावी आणि एखादी चिडखोर म्हातारी पाळावी. राखण चांगली करते आणि चपला खात नाही.

वहाणा पाठवतो. कळावे.

हिलाल


असोदे, ता. २१ मे १९३२

ती. आबांस भिकूचा नमस्कार.

तुमच्या पंपशूचं वाईट वाटलं. त्यातला जो अर्धा राहिला तो हंबीरने बाजेखाली जपून ठेवलाय. आभाळ वाजलं की तोंडात धरून बसतो, चावत नाही, नुसता धरतो. मी काढून घेऊ गेले तर लहान मुलासारखा बघत राहिला. मग राहू दिला.

आबा, वहाणा मात्र लवकर पाठवा. तुम्ही म्हणाल नवऱ्याची आठवण. आठवणीला मला वहाणा लागत नाहीत. त्या मी दाराबाहेर ठेवत होते. दाराशी पुरुषाच्या वहाणा दिसल्या की वाटेने जाणारा माणूस आधी खाकरतो, आवाज देतो, मग पुढे येतो. दिसल्या नाहीत की आवाज देत नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे की घरात पुरुष नाही, पण वाटेने जाणारे सगळेच गावचे नसतात. तुम्ही अनवाणी स्टेशनावर जाणार हे मला बघवेना, म्हणून दिल्या.

आता दाराशी काही नाही. म्हणजे सगळं हंबीरवर आलं. आणि त्याचं हे असं.

तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, सणाच्या दिवशी नको म्हणून. झुलालभाऊजींनी भाऊबंद बसवले होते. त्यांचं म्हणणं, मळ्यात एकटी बाई राहणं शोभत नाही, आणि पाठच्या दिराला चालत नाही. शेवटी ठरलं ते असं, की एक हंगाम बघायचा. केळी नीट निघाली तर वहिनी मळ्यात राहील, कोणी बोलायचं नाही. चोरी झाली नाहीतर डुकरं पडली, तर मळा झुलालने करायचा आणि वहिनीने गावातल्या घरी यायचं, जावेच्या चुलीपाशी. मी मान हलवली. दुसरं काय हलवणार.

गेल्या साली दोनदा घड कापून नेले, ते दोन्ही वेळा गडगडाटात. हंबीर एरवी पान हललं तरी भुंकतो. पण चोराला नक्षत्रं कळतात. भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, हाऊ कुत्रा नही शे, ससा शे." सगळे हसले. हंबीरही शेपूट हलवत होता, त्याला वाटलं त्याचं कौतुक चाललंय.

तुम्ही वकील आहात. कायद्यात माझं काय आहे ते कळवा. आणि शिकलेले आहात, तर ह्याची भीती घालवायचा काही उपाय कुठे लिहिलेला असेल तर तोही.

भिकू


धुळे, ता. २ जून १९३२

चि. भिकूस आशीर्वाद.

आधी कायदा, कारण तो लहान आहे. एकत्र कुटुंबातल्या विधवेला भाकरी मिळते आणि लुगडी मिळतात. मळा मिळत नाही. ज्यांनी हा कायदा केला त्यांच्या बायका त्यांच्या आधी गेल्या असाव्यात. तेव्हा कोर्टात तुझ्या बाजूने उभं राहायला मी नालायक आहे. तुझा वकील तो हंबीर. त्याला बोलतं करायला हवं.

उपाय आहे. इथल्या एका साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात मी एक छत्री घ्यायला गेलो आणि घोडदळाच्या घोड्यांवरचं एक पुस्तक माझ्या गळ्यात पडलं. घोडं तोफेला बुजू नये म्हणून काय करतात ते त्यात आहे. घोड्याला जमतं ते कुत्र्याला जमावं, घोडा काही फारसा हुशार प्राणी नाही, तो माणसाला पाठीवर बसू देतो.

रीत अशी. लांब उभी राहून डबा हळूच वाजव. इतका हळू की त्याचे कान हलतील, पाय हलणार नाहीत. वाजवल्याबरोबर त्याला एरवी मिळत नाही असं काही खायला दे. मग जरा जवळून. मग जरा जोरात. तो घाबरला तर तू घाई केलीस, चूक तुझी, दोन पावलं मागे जा. रागवायचं नाही. ओढायचं नाही. तो बाजेखाली गेला तर जाऊ दे, बाजेखालून बाहेर यायचा दिवस त्याचा त्याने ठरवायचा. आणि मुख्य गोष्ट: ज्या हाताने आवाज, त्याच हाताने खाऊ. आवाज म्हणजेच आचारी, अशी त्याची समजूत झाली पाहिजे.

तू धरणगावच्या शाळेत होतीस तेव्हा घरी तुला पाढे शिकवले ते मी असेच. चुकलीस की चापट, बरोबर आलं की चिंच. फरक एवढाच की घोड्याच्या पुस्तकात चापट नाही. साहेब लोक घोड्याला फार जपतात.

वहाणांचं गड्याला सांगितलं आहे.

हिलाल


असोदे, ता. ३ जुलै १९३२

ती. आबांस नमस्कार.

बट्टी लागू पडली. कणकेची, निखाऱ्यावर भाजलेली शिळी बट्टी, वर तुपाचं बोट. भाकरीला तो उठत नाही, पण बट्टीला देवाच्या दारातून परत येईल.

पहिले काही दिवस मी विहिरीपाशी उभी राहून डबा वाजवत होते आणि तो घराच्या दारातून माझ्याकडे असं बघत होता की बाईला वेड लागलं. बांधावरून जाणाऱ्या बायकाही तसंच बघत होत्या. कुंदाबाईने विचारलं, "माय, काय उडवी राह्यनी? पाखरं तं नहीत." मी म्हटलं, सवय लावतेय. कुणाला, ते तिने विचारलं नाही.

एकदा मी घाई केली. रॉकेलचा डबा जवळ आणून काठी मारली. तो बाजेखाली गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आला नाही, तुमचा शू तोंडात. मी बाजेवर बसून राहिले. रागावले नाही. मग तो हळूच आला आणि माझ्या पायावर हनुवटी टेकून बसला. पुन्हा लांबून सुरुवात केली.

आता रॉकेलचा डबा कानाशी वाजवला तरी तोंडाला पाणी सुटतं. परवा आभाळ गरजलं. तो उठला, दाराबाहेर गेला, वर बघितलं आणि शेपूट हलवत उभा राहिला. देव बट्टी टाकेल म्हणून. मी धावत जाऊन दिली. देवाची अब्रू राखली.

एक राहिलंय. झुलालभाऊजी डुकरांवर दुनळी काढतात ना, पलीकडच्या शेतात. त्या आवाजाला तो अजून पाय पोटात घेतो. बंदूक माझ्या हातात नाही, तर खाऊ कसा द्यायचा? मला सुचलं ते असं, की बार झाला की मी दोन शेतांमधल्या बांधावर जाऊन उभी राहते आणि तिथून त्याला बट्टी दाखवते. आवाज त्या बाजूने येतो, बट्टीही त्या बाजूने. बरोबर का?

वहाणा आल्या नाहीत.

भिकू


धुळे, ता. १५ जुलै १९३२

चि. भिकूस आशीर्वाद.

बरोबर. पुस्तकाचा लेखक तुझ्या बांधावर आला असता तर त्याने तुला घोडदळात घेतलं असतं.

वहाणा गड्याने बांधून ठेवल्या होत्या. त्यावर तुझ्या भावजयीने पापडांचा डबा ठेवला, त्यावर कोणी गादी ठेवली, आता ते सगळं एक लेणं झालं आहे. काढतो. तोवर तुझ्या दाराशी हंबीर बसू दे. वहाणांना दात नसतात.

हिलाल


असोदे, ता. ४ सप्टेंबर १९३२

ती. आबांस नमस्कार.

आज माझ्या घरी दिवाळी आहे असं समजा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. मी चुलीपाशी होते. असा कडाका झाला की भांडी वाजली. मी बाजेखाली बघितलं, सवयीने. तिथे फक्त शू होता. मग केळीतून ओरडणं ऐकू आलं, हंबीरचं आणि एका माणसाचं. मी काठी घेऊन धावले. झुलालभाऊजींचा सालदार लोटन केळीत उताणा पडला होता, त्याची पोटरी हंबीरच्या तोंडात, आणि जवळ कोयता आणि दोन घड कापलेले. वर आभाळ फाटत होतं आणि हंबीरने एकदा वर बघितलं नाही.

मी म्हटलं, "लोटन, काय शोधत होतास?" म्हणतो, "वासरू." मी म्हटलं, "वासरू घडात शिरलं काय?" मग सोडवला. हळद लावून दिली पोटरीला. मग हंबीरला अख्खी बट्टी दिली, नवी, गरम. मी आबा, त्या कुत्र्याच्या गळ्यात पडून रडले. भाऊबंदांनी ऐकलंय सगळं. आता कोणी ससा म्हणत नाही.

दोन गोष्टी सांगते. एक, बंदुकीचा बार झाला की हा आता बांधाकडे पळतो, मी तिथे असो की नसो. मला हे नीट वाटत नाही. घराकडे पळायला शिकवायला हवं होतं का? आपण काही उलटं तर नाही केलं? उत्तर लिहा, विनोद नको.

दुसरी, बट्टीची गोष्ट आपल्यातच ठेवा. मी इथे कोणाला कळू दिलेली नाही. लोकांना वाटतं हंबीरला मेहरूणच्या फकिराचा ताईत बांधलाय, त्यांना तसंच वाटू दे. कळलं तर चोर कोयत्याबरोबर बट्टी घेऊन येतील.

घड आता महिन्याभरात उतरायला लागतील. तेवढं निभावलं की झालं.

वहाणा.

भिकू


असोदे, ता. ९ सप्टेंबर १९३२

रा. रा. हिलालराव वकील, मु. धुळे, यांस झुलाल यांचा रामराम. विनंती विशेष.

आपण आमच्या वहिनींचे बंधू, शिकलेले, मानाचे. म्हणून आपल्यापाशी मन मोकळं करतो. आमचा लोटन हरवलेलं वासरू शोधत वहिनींच्या केळीत गेला. वहिनींच्या कुत्र्याने त्याची पोटरी फोडली. गरीब माणूस, आठ दिवस बाजेवर आहे. मी पोलिसात गेलो नाही. घरचं आहे.

पण मला नवल वाटतं. हा कुत्रा गेल्या सालापर्यंत टिपरी वाजली की लपायचा. गावात म्हणतात फकिराचा ताईत. मी म्हटलं, छे, ही फकिराची नाही, हिलालरावांची विद्या दिसते. एवढं डोकं आमच्या खानदेशात दुसऱ्या कोणाला शे? आमच्याकडेही एक कुत्रं आहे, तेही बुजतं. विद्या कळली तर उपकार होतील.

वहिनींना मी त्रास होऊ देणार नाही. कळावे.

झुलाल


धुळे, ता. १४ सप्टेंबर १९३२

रा. रा. झुलालराव यांस हिलालचा रामराम.

लोटनच्या पोटरीबद्दल सहानुभूती. वासरू शोधायला कोयता का लागतो, हे मी विचारत नाही. विचारायची मी फी घेतो आणि आपण घरचे.

ताईत वगैरे काही नाही. आपण ओळखलंत, त्याबद्दल मला आपल्याविषयी प्रथमच आदर वाटला. विद्या घोडदळाची आहे. आवाज झाला की बट्टी. डबा वाजला, बट्टी. ढग गरजला, बट्टी. आपल्या दुनळीचा बार झाला की भिकू बांधावर उभी राहून बट्टीच दाखवते. आता त्या कुत्र्याच्या लेखी आपली बंदूक म्हणजे तुपाची चूल आहे. विश्वास नसेल तर एक बार काढून बघा. पूर्वी तो बाजेखाली गेला असता. आता बांधावर येऊन आपल्यासमोर शेपूट हलवत उभा राहील, कोर्टाची घंटा झाली की आम्ही वकील राहतो तसा. ज्याला आपण ससा म्हणालात तो हा. भाऊबंदांपुढे आपण हसलात म्हणे. आता बांधावर जाऊन त्याची माफी मागा, तो मोठ्या मनाचा आहे.

सारांश, आभाळाच्या भरवशावर आता कोणी केळी कापू नये. हा निरोप ज्याच्यासाठी असेल त्याला पोचवावा.

आपल्या कुत्र्यासाठी शुभेच्छा.

हिलाल


असोदे, ता. ३ ऑक्टोबर १९३२

रा. रा. हिलालराव यांस झुलालचा रामराम.

सोबत केळीचे दोन घड पाठवले आहेत, मळ्यातले पहिले. आपली विद्या अगदी खरी निघाली. जसं लिहिलंत तसंच. आपले उपकार विसरणार नाही.

बाकी मजकूर वहिनी कळवतील.

झुलाल


धुळे, ता. ७ ऑक्टोबर १९३२

चि. भिकूस आशीर्वाद.

तुझा दीर सुधारला. घड पाठवले आणि वर आभार मानले. कुत्र्यासमोर हात जोडून आला की काय, कळव. त्याच्या कुत्र्याला विद्या लागू पडलेली दिसते. मी म्हणतो भिकू, माणसालाही बट्टी लागू पडते, फक्त तूप जास्त लागतं.

केळी फार गोड. घरात सगळ्यांनी खाल्ली, शेजारी वाटली, आणि तुझ्या मळ्याची म्हणून मी सगळ्यांना मुद्दाम सांगितलं. म्हणजे घड उतरायला लागले. हंगाम निघाला. आता त्या भाऊबंदांना बसव आणि मी सांगितलंय म्हणून सांग की बाई मळ्यात राहणार.

तुझ्या मागच्या पत्रात तू काही विचारलं होतंस, बांधाकडे पळण्याविषयी. त्याची काळजी करू नको. धीट कुत्रा पुढे पळतो, भित्रा मागे, एवढाच फरक. शिक्षण पूर्ण झालं असं समज.

दसऱ्याचं सोनं इथूनच पाठवतो. वहाणाही या वेळी नक्की.

हिलाल


असोदे, ता. १२ ऑक्टोबर १९३२

आबा,

केळी गोड लागली हे वाचलं. लागणारच. शेणखत मी माझ्या हाताने घातलं होतं.

हस्ताचा पाऊस त्या दिवशी दुपारपासून होता. ओल्या गवऱ्या पेटेनात, म्हणून चूल केलीच नाही. दिवेलागणीला वीज पडल्यासारखं वाजलं. हंबीर दारात बसला होता, तसाच बसून राहिला. मला केवढा अभिमान वाटला. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, शहाणा माझा.

मग बार झाला, बांधावरून. हंबीर उठला आणि पळाला. मी मागून हाका मारल्या. त्याने एकदा वळून बघितलं, ही का ओरडते म्हणून, आणि पुन्हा पळाला. केळीच्या ओळीत मला फक्त त्याची शेपटी दिसत होती, हलत होती. मी बांधाच्या अलीकडे असताना दुसरा बार झाला.

दुनळी आहे ना. एक नळी बोलवायला होती.

मी पोचले तेव्हा भाऊजी उभे होते आणि हंबीर त्यांच्या पायाशी. जीव होता. माझ्याकडे बघत नव्हता, त्यांच्या हाताकडे बघत होता. मग संपला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, माले वाटनं डुक्कर शे." रडलेसुद्धा. उपरण्याने डोळे पुसले. त्यांच्या बाजूला चिखलात बट्टीचा तुकडा पडला होता, तुपाचा, मुंग्या लागायच्या होत्या. डुकराला बट्टी कोणी घालत नाही, आबा. आणि माझी चूल त्या दिवशी पेटली नव्हती.

पुढच्या तीन रात्रींत केळी कापली गेली. पाऊस नव्हता, गडगडाट नव्हता. गरजच उरली नव्हती. भाऊबंद बसले. कोणी वाईट बोललं नाही. मी मान हलवली.

आता मी गावातल्या घरी आहे, जावेच्या चुलीपाशी. जाऊ वाईट नाही. मला पीठ मळायला देते. मळ्यात लोटन राहतो. परवा त्या वाटेने जाताना बघितलं, दाराशी त्याच्या वहाणा होत्या. मी खाकरले आणि पुढे गेले.

हंबीरला विहिरीकडच्या केळीच्या बुंध्याशी पुरला. तुमचा शू बरोबर ठेवला. वर ढग वाजले तर लागेल. त्या केळीला पुढच्या साली घड मोठा येईल, भाऊजी तुम्हाला पाठवतील.

बट्टीची गोष्ट तिघांना माहीत होती. मी कोणाला सांगितली नाही. हंबीरला बोलता येत नव्हतं.

तुम्ही लिहिलंत ते खरं, शिक्षण पूर्ण झालं होतं. काही कमी राहिलं नव्हतं. थोडं कमी राहिलं असतं तर तो आज बाजेखाली असता.

वहाणांचं आता राहू द्या. इथे दाराशी पुष्कळ आहेत.

भिकू


धुळे, ता. २० ऑक्टोबर १९३२

चि. भिकूस.

परवा सकाळच्या गाडीने निघालो होतो. तुझ्याकडे यायला. चाळीसगावला उतरलो. जळगावची गाडी फलाटाला लागली होती, डब्यात जागा होती, हमालाने माझी वळकटी आत टाकलीही होती. तेवढ्यात आभाळ वाजलं, अवेळी, लांब कुठेतरी. मी वळकटी काढून घेतली आणि फलाटावरच्या बाकावर बसलो. गाडी गेली. संध्याकाळच्या गाडीने धुळ्याला परत आलो.

पार्सल जळगावच्या त्याच गाडीच्या गार्डाच्या ताब्यात दिलं होतं. कोणाला तरी पाठवून स्टेशनातून सोडवून घे.

तोतारामभाऊजींच्या वहाणा आहेत. उजवीचा अंगठा उसवला होता, तो शिवून घेतला. तेल लावलं आहे. दोन्ही आहेत, बघून घे.

हिलाल